मैदानावरचं 'आधी ठरवणं' घरात, दुकानात, आजारपणात कसं आणायचं?

इंदूरची_फिजिओ

नमस्कार मंडळी,

मी इंदुरात फिजिओथेरपिस्ट आहे. सकाळी माझ्याकडे खेळाडू येतात: खो-खोची मुलं, टेबल टेनिसवाले, क्रिकेटचे जलद गोलंदाज. दुपारनंतर गुडघा बदललेल्या आजी, पक्षाघातातून उठणारे आजोबा, खुर्चीत बसून कंबर धरलेली आयटीतली पोरं. टेबल तेच, व्यायामही बरेचसे तेच. हे दोन गट वर्षानुवर्षं शेजारी शेजारी बघितल्यावर एक गोष्ट मला फार ठामपणे वाटायला लागली आहे. ती मांडते, तुमचे अनुभवही हवेत.

अव्वल खेळाडूचा विषय निघाला की आपण लगेच जिद्द, चिकाटी, त्याग या गोष्टी बोलतो. पण जिद्द माझ्या आजींकडे काही कमी नसते. बहात्तराव्या वर्षी दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया करून घेणारी बाई घाबरट असेल का? फरक दुसरीकडे आहे. चांगला खेळाडू आधी ठरवतो. काय करायचं, कधी, किती, कुठे थांबायचं, बिघडलं तर काय आणि काय अजिबात करायचं नाही, हे सगळं ऐन वेळेच्या आधी ठरलेलं असतं. ऐन वेळी त्याला फक्त ते करायचं असतं.

सिडनी, जानेवारी २००४ आठवा. त्या दौऱ्यात सचिन ऑफस्टंपबाहेर ड्राइव्ह मारताना पुन्हा पुन्हा सापडत होता. सिडनीत तो उतरला तो कव्हर ड्राइव्ह बाजूला ठेवूनच. आयुष्यभर जिवापाड जपलेला फटका, समोर हवा तसा चेंडू येतोय, आणि हा सोडून देतोय. ४३६ चेंडू आणि नाबाद २४१. दहा तासांहून जास्त वेळ स्वतःशी केलेला करार पाळणं, हे मला त्या द्विशतकाहून मोठं वाटतं. त्याला फटका येत नव्हता असं नाही. आज तो मारायचा नाही, एवढं ठरलेलं होतं.

आता माझ्या टेबलावर या. खेळाडूला व्यायाम सांगितला की तो विचारतो: किती वेळा? का? आणि दुखलं तर थांबायचं कुठे? आजींना विचारलं, "घरी व्यायाम करताय ना?" तर उत्तर येतं, "हो ताई, करते की, होईल तेवढा." या 'होईल तेवढा'मध्ये सगळं वाहून जातं. पाहुणे आले, राहिला. लाइट गेले, राहिला. एखाद्या दिवशी हुरूप आला की दुप्पट केला, आणि दुसऱ्या दिवशी गुडघा टम्म सुजला म्हणून आठवडाभर बंद.

रामबागेतल्या एका आजींसोबत आम्ही खेळाडूसारखं ठरवून बघितलं. पहिलं म्हणजे हे कशासाठी. "बरं व्हायचंय" हे चालणार नाही म्हटलं. बराच वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "माळ्यावरच्या खोलीत माझं शिवणयंत्र आहे." झालं, जिना ठरला. जिना चढायला गुडघा साधारण नव्वद अंशांपर्यंत वाकावा लागतो, उतरताना थोडा जास्तच. म्हणजे अंश ठरले. मग वेळ. घड्याळ नको म्हणाल्या, म्हणून सकाळचा चहा आणि रात्रीची मालिका या दोन खुंट्या धरल्या. चहाचा कप विसळून ठेवला की ओट्याला धरून टाचा उचलायच्या. मालिकेचं शीर्षकगीत सुरू झालं की खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठायचं-बसायचं, मग आरामात मालिका. आणि बिघडलं तर? त्याचाही नियम ठरला: व्यायामानंतर दुखलं पण रात्रीपर्यंत उतरलं, तर उद्या तेवढाच करायचा. सकाळी उठल्यावर सूज किंवा ठणका कालच्यापेक्षा जास्त असेल तर निम्मा करायचा. बंद करायचा नाही. जिन्याचंही ठरलं: चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी, कठड्यावरचा हात सुटता कामा नये.

आजी रोजच्या रोज प्रसन्न मनाने व्यायाम करायच्या असं अजिबात नाही. कंटाळलेल्या असायच्या, चिडलेल्या असायच्या. पण करू की नको हा प्रश्नच उरला नव्हता, म्हणून होत गेलं.

दुसरी गोष्ट, बिघाडाची तयारी. बीजिंग २००८, २०० मीटर बटरफ्लाय. पाण्यात उडी मारल्यावर मायकेल फेल्प्सच्या गॉगलमध्ये पाणी शिरलं, शेवटी तर त्याला काहीच दिसत नव्हतं. तो आपले हात मोजत पोहत राहिला, भिंत कधी येणार ते त्याला मोजणीवरून ठाऊक होतं. १ मिनिट ५२.०३ सेकंद, विश्वविक्रम. शर्यतीत काय काय बिघडू शकतं ते त्याने मनात आधीच अनेकदा पोहून घेतलं होतं. आपण मात्र घरातल्या आजारपणाचा, नोकरीतल्या अडचणीचा विचार मनात आला की "अभद्र बोलू नको" म्हणून तो झटकतो. पीटर गोलवित्झर या मानसशास्त्रज्ञाने यावर बरंच काम केलं आहे. नुसतं "मी हे करणार" म्हणणाऱ्यांपेक्षा "अमुक झालं तर मी तमुक करीन" असं आधी बांधून ठेवणारी माणसं जास्त वेळा ते खरंच करतात, असा त्याचा निष्कर्ष.

तर मंडळी, मैदानाबाहेर असं ठरवून कोणी काय बदललंय? कुठे उपयोग झाला, कुठे नाही? न झालेलंही लिहा.

---

रामबागकर

ताई, फार मनातलं लिहिलंत. इंदुरात बसून या विषयावर दोन नावं घेतली नाहीत तर अपुरं वाटेल.

पहिला नरेंद्र हिरवाणी. गोरखपूरचा मुलगा, लेगस्पिन शिकायला इंदुरात आला, संजय जगदाळे सरांच्या हाताखाली घडला. १९८८ मध्ये मद्रासला पदार्पणात वेस्ट इंडिजचे १३६ धावांत १६ बळी. ते सगळ्यांना पाठ आहे. मला त्याचं दुसरं एक काम जास्त भावतं. १९९० मध्ये ओव्हलवर त्याने एका टोकाकडून सलग ५९ षटकं टाकली. बळी फारसे मिळत नव्हते, तरी टप्पा आणि फिरक तीच. मिळकत दिसत नसताना काम त्याच दर्जाचं ठेवणं ही गोष्ट नोकरीत मला फार उपयोगी पडली. मी सरकारी खात्यात होतो, तिथे पंधरा-पंधरा वर्षं कोणी शाबासकी देत नाही.

दुसरा राहुल द्रविड. जन्म इथलाच, ११ जानेवारी १९७३. कसोटीत ३१,२५८ चेंडू खेळला, इतके जगात कोणी खेळलेलं नाही. सिडनीला २००८ मध्ये तो १८ वर अडकला, चाळीस चेंडू धाव नाही. एक धाव निघाली तेव्हा अख्ख्या मैदानाने टाळ्या वाजवल्या आणि याने बॅट उंचावून दाद दिली. त्या चाळीस चेंडूंत वैतागून हवेत मारलं असतं तर कोणी नाव ठेवलं नसतं.

आणि निवृत्तीनंतरचं बघा. २०१८ मध्ये १९ वर्षांखालील संघाने विश्वचषक जिंकला. बोर्डाने प्रशिक्षक म्हणून त्याला पन्नास लाख आणि बाकी सहाय्यकांना वीस-वीस लाख जाहीर केले. तो म्हणाला, सगळ्यांना सारखेच द्या. शेवटी प्रत्येकाला पंचवीस मिळाले, म्हणजे याचे निम्मे गेले. तुम्ही मैदानाबाहेरचं विचारता ना, हे घ्या.

---

दूरचा_इंदोरी

रामबागकर काका, २०२२ राहिलंच की! चंद्रकांत पंडित १९९९ मध्ये मध्यप्रदेशचे कर्णधार म्हणून बंगळुरूला रणजीची अंतिम फेरी हरले. तेवीस वर्षांनी त्याच मैदानावर प्रशिक्षक म्हणून मुंबईला हरवून मध्यप्रदेशला पहिली रणजी मिळवून दिली. पुण्यात ऑफिसात बसून मी स्कोअर बघत होतो, आणि आजूबाजूला सगळे मुंबईवाले! फिजिओताई, पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

सुदामानगरची_काकू

लेख आवडला, पण माझं मत वेगळं आहे आणि ते स्पष्टच लिहिते.

तुम्ही ज्यांची नावं घेताय त्यांच्या मागे किती माणसं असतात? त्यांचं जेवण कोणी तरी करतं, कपडे कोणी तरी धुतं, पाय चेपायला माणूस, मनाचं बोलायला माणूस. सामना संपला की सुट्टी. स्पर्धेची तारीख वर्षभर आधी ठाऊक. माझ्या घरात सकाळी साडेपाचला दूध येतं तिथपासून रात्री दार लावेपर्यंत सामनाच आहे, आणि अंतिम फेरी कधीच नाही. नवऱ्याची शिफ्ट बदलते, मुलाचा क्लास बदलतो, कामवाली न सांगता दांडी मारते. मी आधी काय ठरवू? मी ठरवलेलं दुसऱ्याच्या एका फोनवर मोडतं.

आणि आजींना तुम्ही मालिकेची वेळ दिलीत, छानच. पण त्या आजींच्या घरी स्वयंपाक सून करत असणार. सुनेचा गुडघा दुखतो तेव्हा तिला कोण वेळ ठरवून देतं?

राग नाही, पण हे कोणी तरी म्हणायला हवं होतं.

---

अनुस्वार

काकूंना +१००.

---

कापडबाजार

माझं क्लॉथ मार्केटमध्ये घाऊक दुकान आहे. वडिलांनंतर मी गादीवर बसलो. काय करायचं नाही हे आधी ठरवण्याची जी गोष्ट ताईंनी सचिनवरून सांगितली, तिच्यावर लिहितो, कारण धंद्यात मला त्याच एका गोष्टीने वाचवलं.

आमच्या धंद्यात माणूस बुडतो तो उधारीत. आणि उधारी दिली जाते समोरासमोर. जुना गिऱ्हाईक येतो, चहा होतो, घरचं विचारणं होतं, लग्नसराई तोंडावर आहे म्हणतो, "भिया, इस बार का माल लिख लो." त्या क्षणी नाही म्हणणं जमत नाही, तोंडातून 'हो' निघतंच. म्हणून ठरवलं की उधारीचा निर्णय गादीवर बसून करायचाच नाही. रात्री दुकान वाढवल्यावर, वही समोर घेऊन, त्याची मागची वसुली किती दिवसांनी आली ते बघून मर्यादा ठरवायची आणि सकाळी फोन करायचा. गिऱ्हाईकाला दुकानात एकच उत्तर: "सवेरे बताता हूँ." दोघे-तिघे रुसले, एक तुटला. बाकी सगळ्यांना सवय झाली. आता मुनीमजीही तेच उत्तर देतात.

मोहात पाडणारा चेंडू समोर असताना माणसाने विचार करायला बसू नये, असं माझं मत आहे. विचार रात्री करून ठेवावा.

काकू, तुमचं वाचून बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, बरोबर आहे.

---

इंदूरची_फिजिओ

काकू, तुमच्या प्रतिसादाने धाग्याला वजन आलं. शब्द न् शब्द पटला. खेळाडूच्या मागे संघ असतो हे मी लिहायला हवं होतं, कारण तोच अर्धा मुद्दा आहे. अव्वल खेळाडू मदत मागायला लाजत नाही. मालिशवाला, आहारवाला, मानसतज्ज्ञ ही सगळी माणसं तो हक्काने वापरतो, कारण एकट्याने होणार नाही हे त्याला ठाऊक असतं. आपल्याकडे बाईने मदत मागितली की ती कमी पडली असा हिशोब होतो. तो हिशोब चुकीचा आहे, आणि तो घरातल्यांनी सोडायला हवा.

माझ्याकडे येणाऱ्या पन्नाशीतल्या कितीतरी बायकांचं दुखणं एकच असतं, खांदा धरलेला. तीन-चार महिने अंगावर काढून येतात. अशा खांद्याला, विशेषतः मधुमेह असेल तर, सुटायला वर्ष-दीड वर्षही लागू शकतं. म्हणून आता मी त्या बाईला एकटीला व्यायाम सांगतच नाही. नवऱ्याला किंवा मुलाला सोबत बोलावते आणि सांगते: यांचा खांदा सुटेपर्यंत वरच्या फळीवरचे डबे खालच्या फळीवर आणायचं काम तुमचं, ओली चादर पिळायचं काम तुमचं. तारीख घालून लिहून देते. चिठ्ठीवर लिहिलेलं घरात पाळलं जातं, तोंडी सांगितलेलं नाही.

आणि ठरवलेलं मोडतं म्हणालात ते. ते मोडणारच. म्हणून खेळाडू दोन आराखडे ठेवतो. चांगल्या दिवसाचा मोठा, वाईट दिवसाचा अगदी छोटा. माझ्या खेळाडूंचा वाईट दिवसाचा आराखडा पाच मिनिटांचाही असतो. घरच्या बाईला हा दुसरा आराखडाच पहिला म्हणून ठरवावा लागतो, असं मला वाटतं. तुमचं काय मत?

---

सुदामानगरची_काकू

पाच मिनिटांचं पटलं. आणि डब्यांचं तर फारच. ती चिठ्ठी मला द्याल का?

---

माजी_खोखोपटू

मी राज्याकडून राष्ट्रीय स्पर्धा खेळले आहे. आता बँकेत आहे. एक बाजू कोणी लिहिली नाही म्हणून लिहिते.

हे 'सगळं ठरवून' मैदानाबाहेर आणताना जपून आणा. खेळ सुटल्यावर माझं असं झालं की प्रत्येक गोष्टीत मला समोर कोणी तरी पाठलाग करणारा हवा असायचा. पोळ्या किती वेळात झाल्या, शाखेचं टार्गेट कोणी आधी गाठलं, मुलगी शेजारच्या मुलीच्या आधी वाचायला लागली का. घरातली माणसं दमून गेली. माझं शरीरही. कारण मैदानावर दुखणं दाबून खेळायची सवय आम्हाला कौतुकाने लावली जाते. ताप लपवून खेळलेल्या मुलीचा सत्कार होतो.

नेमबाज अभिनव बिंद्राने जाहीरपणे सांगितलं आहे की २००८ च्या ऑलिंपिक सुवर्णपदकानंतर त्याला भयंकर पोकळी जाणवली, आता पुढे काय हेच कळेना. फेल्प्सही आपल्या नैराश्याबद्दल उघड बोलला. एवढी पदकं असलेल्या माणसांचं हे, तर आमच्यासारख्या तालुक्या-जिल्ह्याच्या खेळाडूंचं काय होत असेल, त्यांना विचारायलाही कोणी नसतं. लहानपणापासून 'मी खेळाडू' एवढीच ओळख, आणि एके दिवशी ती संपते.

मला उपयोग झाला तो खेळातल्या दुसऱ्याच गोष्टीचा. खो-खोत खांबावरून वळताना मागे बघायचं नसतं. आपण कोणाला सोडून आलो, कोण सुटलं, ते पळताना नाही, डाव संपल्यावर बोलायचं. बँकेत काउंटरवर कोणी अद्वातद्वा बोलून गेलं की पुढच्या माणसासमोर मी नवी असते. जे झालं ते संध्याकाळी. आणि संध्याकाळी ते खरंच बोलते, गिळून टाकत नाही. यासाठी एक मैत्रीण ठरवून ठेवली आहे.

---

इंदूरची_फिजिओ

तुम्ही लिहिलंत ते प्रत्येक पालकाने वाचायला हवं. दुखण्याबद्दल माझ्या बाजूने जोड देते. व्यायामाने स्नायू अवघडतो, दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या बोलतात, ते दोन-तीन दिवसांत जातं. ते चालतं. पण एकाच जागी टोचणारं, रात्री झोपेतून उठवणारं, सांध्यात सूज आणणारं दुखणं हे थांबण्याची सूचना आहे. ते दाबणं म्हणजे शौर्य नव्हे. जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सने टोकियो ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीतून माघार घेतली तेव्हा तिला हवेत आपलं शरीर कुठे आहे याचा अंदाजच येत नव्हता. त्या अवस्थेत उडी मारली असती तर मानही मोडू शकली असती. न खेळण्याचा तिचा निर्णय मला त्या स्पर्धेतला सर्वात धाडसी निर्णय वाटतो.

---

देवासकर

खेळाबाहेरचं उदाहरण देऊ का? आमच्या देवासचंच आहे.

कुमार गंधर्व १९४८ मध्ये देवासला आले ते क्षयाने खंगलेले. डॉक्टरांनी गाणं बंद केलं होतं. गायकाचं गाणं बंद. काही वर्षं ते अंथरुणाला खिळून होते, आणि त्या काळात त्यांनी केलं काय, तर ऐकलं. रस्त्याने जाणाऱ्या बायकांची माळव्यातली गाणी, नाथपंथी भजनं. पुन्हा उभे राहिले तेव्हा एक फुप्फुस जवळपास निकामी होतं. पूर्वीसारखा लांब दम आता येणार नाही हे धरून त्यांनी गाणंच वेगळं बांधलं, छोट्या छोट्या तुकड्यांचं, मध्ये श्वासाला जागा असलेलं. शरीराची मर्यादा धरून आपली पद्धत नव्याने रचणं, हे तुमच्या दुखापतीतून परतणाऱ्या खेळाडूसारखंच झालं ना?

आणि विश्रांतीबद्दल कोणीच लिहिलं नाही. बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिन शिकणाऱ्यांवर अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला होता, १९९३ मध्ये तो छापून आला. त्याचं नाव तासन्‌तास रियाजासाठी घेतलं जातं. पण त्यातले सर्वात चांगले वादक इतरांपेक्षा जास्त झोपायचे, दुपारी डुलकीही काढायचे, हे कोणी सांगत नाही.

---

भंवरकुवा_सर

मी स्पर्धापरीक्षांच्या क्लासमध्ये शिकवतो. भंवरकुव्याला संध्याकाळी उभं राहिलं की गावागावांतून आलेली हजारो पोरं दिसतात, पाठीवर सॅक, हातात झेरॉक्स. सगळे मेहनती. कष्टात कोणी कमी नाही. तरी मला जे दिसतं ते लिहितो.

पोरं ध्येय म्हणून एकच सांगतात: उपजिल्हाधिकारी व्हायचंय. ते तुमच्या हातात नाही. जागा किती निघतील, निकाल कधी लागेल, प्रकरण कोर्टात अडकेल का, यातलं काहीच तुमच्या हातात नाही. बिंद्रा बीजिंगला पात्रता फेरीत चौथा होता. अंतिम फेरीत शेवटच्या गोळीआधी तो आणि फिनलंडचा नेमबाज बरोबरीत होते. याने १०.८ मारली, त्याची ९.७ गेली. दुसऱ्याची ९.७ बिंद्राच्या हातात नव्हती. हातात फक्त आपली गोळी. आणि २०१६ ला रिओत हाच माणूस चौथा आला, पदक थोडक्यात हुकलं. माणूस तोच होता.

म्हणून मी पोरांना सांगतो, महिन्याला एकदा पूर्वपरीक्षा जशीच्या तशी द्या. दहा ते बारा पहिला पेपर, मधली सुट्टी बाहेर फुटपाथवर, सव्वादोनला दुसरा. घरी गादीवर बसून नाही, लाकडी बाकावर. गोळे पेनाने भरायचे. पंखा बंद पडला तर पडू दे. हुशार पोरं चुकतात ती अभ्यासात नव्हे, शेवटच्या दहा मिनिटांत, गोळे भरताना. ते दहा मिनिटं आधी जगून घेतलेले असले पाहिजेत.

आणि एक तारीख आधी ठरवा. किती प्रयत्नांनंतर दुसरा रस्ता धरायचा, ते पहिल्या वर्षीच घरच्यांशी बसून ठरवा. नापास झाल्याच्या रात्री ते ठरवता येत नाही. मी तीस-बत्तीस वर्षांची पोरं बघतो, फक्त निर्णय झाला नाही म्हणून अजून इथेच असलेली. जीव तुटतो.

---

कापडबाजार

सर, शेवटचा परिच्छेद माझ्या भाच्याला पाठवला.

---

निःशब्द_सून

बरेच दिवस फक्त वाचते आहे, पहिल्यांदा लिहितेय. सासूबाईंना स्मृतिभ्रंश आहे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय की हे वाढतच जाणार. इथे सगळे सुधारण्याबद्दल लिहितायत. आजींचा जिना, पोरांची परीक्षा. माझ्याकडे उद्याचा दिवस आजच्यापेक्षा वाईट असणार हे ठरलेलं आहे. मी काय ठरवू? संध्याकाळ झाली की त्या दाराशी जाऊन उभ्या राहतात, "मला घरी जायचंय" म्हणतात. चाळीस वर्षं याच घरात राहिलेली बाई. मी समजावत राहते, त्या चिडतात, मग मी चिडते.

---

इंदूरची_फिजिओ

ताई, लिहिलंत ते फार बरं केलंत.

तुमच्या बाबतीत निकालाला धरून काहीच ठरवता येणार नाही, हे खरं आहे. मी ते गोड करून सांगणार नाही. पण दिवस रचता येतो. या आजारात संध्याकाळची अस्वस्थता खूप जणांना होते. अंधारायच्या आधीच घरातले सगळे दिवे लावून ठेवा, सावल्या पडू देऊ नका. दुपारी उशिरा चहा-कॉफी टाळा, दुपारची झोप छोटी ठेवा. त्या दाराशी जायच्या वेळेच्या थोडं आधी त्यांच्या हाताला ओळखीचं काम द्या: मटार सोलणं, वाती वळणं, रुमालांच्या घड्या. हातांना बऱ्याचदा बरंच उशिरापर्यंत आठवत असतं.

आणि "घरी जायचंय" म्हणाल्या तर काय म्हणायचं ते आत्ताच ठरवून ठेवा. "हेच तुमचं घर" हे नको, त्यावर वाद होतो. "जाऊ या हं, आधी चहा घेऊ," किंवा "तुमच्या घरी अंगणात काय काय होतं?" असं एक वाक्य पक्कं करा. घरातल्या सगळ्यांनी तेच म्हणायचं. ऐन वेळी सुचेल यावर सोडू नका, तेव्हा तुम्ही दमलेल्या असता. दाराला वरच्या बाजूला एक कडी लावून घ्या, आणि त्यांच्या कपड्यांत तुमचा फोन नंबर असलेला कागद असू द्या. अस्वस्थता अचानक वाढली तर मात्र डॉक्टरांना दाखवा, कधी कधी लघवीचा संसर्ग किंवा औषध हेही कारण असतं.

तुमच्यासाठी: आठवड्यातून एक ठरलेली वेळ, जेव्हा दुसरं कोणी तरी त्यांच्यापाशी बसेल आणि तुम्ही घराबाहेर असाल. वेळ मिळाली तर जाईन, असं नको. वार आणि तास ठरलेला.

---

सुदामानगरची_काकू

निःशब्द, तू इंदुरातच आहेस का? कुठल्या भागात? व्यक्तिगत निरोप केलाय, बघ. मी मंगळवारी दुपारी मोकळी असते, तीन ते पाच. मला वाती वळता येतात आणि मला कंटाळाही येत नाही.

---

निःशब्द_सून

काकू, निरोप बघितला. लोकमान्य नगर. मंगळवार चालेल.

काल दिवे पाचलाच लावले. दाराशी गेल्या त्या गेल्याच, पण "आधी चहा घेऊ" म्हटल्यावर परत फिरल्या. चहा घेता घेता त्यांच्या माहेरच्या, महूच्या घरातल्या पेरूच्या झाडाबद्दल बोलत होत्या. मला हे झाड ठाऊकच नव्हतं.

---

रामबागकर

ताई, एक व्यावहारिक शंका. आमच्या सौ.चं पुढच्या महिन्यात गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय. पूजेला खाली मांडी घालून बसायची तिची फार इच्छा आहे. ते कधी जमेल? आणि ऑपरेशनच्या आधी काही करून ठेवता येतं का?

---

इंदूरची_फिजिओ

काका, मांडी घालण्याचं सर्जनला ऑपरेशनच्या आधीच विचारा, कोणता सांधा बसवणार त्यावर बरंच अवलंबून असतं. बहुतेक जणांना खाली बसणं टाळायलाच सांगतात, म्हणून देव्हारा आत्ताच खुर्चीच्या उंचीला वर घेऊन ठेवा. आधी करून ठेवण्यासारखं पुष्कळ आहे. मांडीचा पुढचा स्नायू जितका ताकदवान असेल तितकं नंतर सोपं जातं. पाय सरळ ठेवून, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी घेऊन ती गुडघ्याने खाली दाबायची, पाच मोजेपर्यंत धरायची, सोडायची. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. वॉकर आत्ताच आणा आणि त्यावर चालायचा सराव आत्ताच करा, ऑपरेशननंतर दुखत असताना नवीन शिकायला नको. बाथरूममध्ये धरायला दांडी लावून घ्या, पायपुसण्या आणि सैल सतरंज्या उचलून ठेवा. पलंग बुटका असेल तर खाली ठोकळे घालून उंच करा.

आणि पहिले दोन आठवडे स्वयंपाक कोण करणार, ते आजच ठरवा. सौ. ना ऑपरेशनच्या आदल्या रात्री डबे भरत बसावं लागू नये.